विमानतळावरचा मालवणी कोपरा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज आमच्याकडच्या विमानतळावरच्या लाऊंजमध्ये जेवले आणि घरी येऊन पेज प्याले. लाऊंजमधल्या त्या खाण्याला जेवण म्हणणाऱ्या माणसांची मला कीव येते.

लाऊंज म्हणजे विमानाची वाट बघत बसायची थंडगार खोली. मऊ खुर्च्या, अंधुक दिवे आणि भिंतीलगत झाकणांच्या चकचकीत भांड्यांची रांग. ज्यांच्या बँकेच्या कार्डावर ती सोय असते त्यांनी कार्ड दाखवायचं, आत यायचं आणि मिळेल ते खायचं. मिळतं काय, ते मी एकेक झाकण उचलून पाहिलं. पहिल्यात पास्ता, पांढऱ्या चिकट पाण्यात बुडालेला, वर साय धरलेली. दुसऱ्यात पनीरचे तुकडे, खोडरबरासारखे. तिसऱ्यात पुलाव, त्यात गाजर अशा मापात कापलेलं की भाजी नव्हे, लहान मुलांचा खेळ वाटावा. चौथ्या भांड्यापुढे पाटी होती, ‘कोस्टल फिश करी’. आतल्या माशाने आमचा समुद्र कधी पाहिलेला नाही. कुठल्यातरी तळ्यात वाढवलेला, काटे काढलेला, गोठवलेला, पांढराफटक. मी चमचाभर रस तोंडात घातला. ना चव, ना वास. कोमट पाणी.

खाणारेही तसेच. एक सुटाबुटातला गृहस्थ पुलावावर पास्ता, पास्त्याच्या कडेला गुलाबजाम असं ताट करून, कानात काहीतरी अडकवून, कुणाशी तरी बोलत बोलत खात होता. एकदाही ताटाकडे बघितलं नाही. आपण काय खातो ते बघावंसं ज्याला वाटत नाही, त्याला काहीही वाढा.

मला तिथे बोलावलं समीक्षाने. ती त्या लाऊंजची मॅनेजर. कणकवलीची मुलगी, काळा कोट घालते आणि मालवणी येत असूनही ऑफिसची मराठी बोलते. तिच्या मुंबईच्या कंपनीला तिथे मालवणी जेवणाचं एक टेबल मांडायचं आहे आणि त्यावर माझं नाव हवं आहे. मालवणात बंदराच्या रस्त्यावर पार्वती खवणेकरची खानावळ म्हटलं की रिक्षावाल्याला पत्ता विचारावा लागत नाही. आता ती माझा मुलगा किरण आणि सून अनुजा बघतात. खरं तर किरण पर्यटकांना होडीतून फिरवतो आणि चूल अनुजाच्या ताब्यात आहे. तिच्याविषयी पुढे कधीतरी लिहीन. आज जिभेवर एवढा अत्याचार पुरे.

समीक्षाला मी हो म्हटलं. जेवण म्हणजे काय ते या लोकांना कुणीतरी दाखवायलाच हवं. रोजची निरीक्षणं लिहून ठेवा असं ती म्हणाली. तिला द्यायची ती सभ्य शब्दांत देईन. खरी इथे लिहीन.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लाऊंजचं स्वयंपाकघर पाहिलं. त्याला स्वयंपाकघर म्हणायचं तर दवाखान्यालाही म्हणता येईल.

जाळ नाही. सगळं विजेच्या शेगडीवर. सुरी साखळीने टेबलाला बांधलेली, चोरासारखी. मी घरून माझा आडाळो, म्हणजे विळी, नेला होता, नारळ खवायला आणि मासे चिरायला. तपासणीतल्या जवानाने तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि अख्खं आयुष्य ज्यावर मासे चिरले तो आडाळो हत्यार म्हणून बाहेरच ठेवून घेतला. नारळ तिथे पिशवीत येतो, खवलेला, गोठवलेला. मसाला पाकिटात येतो. आलं-लसूण बाटलीत येतं. मग स्वयंपाकी तिथे कशासाठी येतो, असं मी समीक्षाला विचारलं. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

तो स्वयंपाकी म्हणजे सिद्धेश. वेंगुर्ल्याचा, गोव्यात हॉटेलचं शिक्षण घेतलेला, डोक्यावर वीतभर उंच टोपी. कोथिंबिरीची पानं चिमट्याने उचलून करीवर ठेवतो. चिमट्याने. आमच्याकडे चिमट्याने फक्त चपाती आणि निखारा उचलतात. त्याला म्हटलं, पानं हाताने टाकलीस तर करी रडेल काय? तो म्हणाला, काकी, इथले नियम असे आहेत. नियमांवर पोट भरणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत.

एक मात्र मी मान्य करून घेतलं. मसाला माझा, घरचा भाजलेला. मासा बांगडो किंवा सुरमई, तळ्यातला नाही. करी मी स्वतः उभी राहून करणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज कोपरा सुरू झाला. पाटी मोठी आहे, ‘पार्वतीकाकींचा मालवणी कोपरा’, बाजूला माझा फोटो. फोटोत मला नऊवारी नेसवली आहे. मी नऊवारी लग्नानंतर कधी नेसले नाही. मागे होडी, मागे माड, आणि माझ्या हातात एक मडकं, ज्यात काहीही नव्हतं.

बांगड्याची करी, भात, सोलकढी. करीत तिरफळं मुठीने घातली, कारण हल्लीच्या तिरफळांत काही राम उरलेला नाही. हुंगून बघितली तर वाळलेली काटकी हुंगल्यासारखं. जिभेला मुंग्या येतात तेवढ्याच. कोकमंही यंदाची कसली म्हणायची. मी दुप्पट घातली.

लोकांनी काय केलं? एका बाईने माझी करी पास्त्यावर ओतली. एका तरुणाने बांगड्याचा फोटो काढला आणि बांगडो तसाच टाकून मफिन घेतला. काटे आहेत म्हणे. माशाला काटे असतात हे सांगायला आता पाटी लावायची का? एक म्हातारे गृहस्थ दोन घास खाऊन सारखे पाणी मागत होते. शहरात राहून तोंडाची सवय मोडते माणसाची. बऱ्याच वाट्या अर्ध्या भरलेल्या परत आल्या. विमानाची घोषणा झाली की उठतात आणि धावतात, जेवण अर्धं टाकून. अशांपुढे मी बांगडो ठेवते आहे याची मला स्वतःचीच लाज वाटली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अनुजाविषयी लिहायची वेळ आली.

ती तळेऱ्याच्या आतल्या गावातली. भात आणि काजूवाल्यांचं घर. दारात मासेवाली आली तर मासा, नाहीतर कुळथाची पिठी, अशा घरातून ती आमच्याकडे आली. बांगड्याला किती तिरफळं लागतात ते तिला मी शिकवलं. शिमग्यात मला ताप आला, बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, तेव्हापासून ती स्वयंपाकघरात मालकिणीसारखी वावरते. पर्यटकांसाठी पनीरची भाजी ठेवली आहे. माझ्या खानावळीत पनीर.

आज मी डाळ आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं करून बाहेर गेले आणि पाण्याचा तांब्या विसरले म्हणून परत आत आले. बघते तर ही माझ्या डाळीत पाणी ओतते आहे. काय करतेस विचारलं तर म्हणाली, घट्ट झाली होती. डाळ घट्ट नव्हती. मला डाळ कळते. मग मी लक्ष ठेवलं. तिसऱ्यांवर तिने ओल्या खोबऱ्याची मूठभर भर घातली. माझ्या हातच्या पदार्थात हात घालायची छाती या घरात आजवर कुणाची झाली नाही. माझ्या सासूचीसुद्धा.

किरणला सांगितलं. तो म्हणाला, आई, तू विमानतळावर लक्ष दी. त्याची नजर माझ्याकडे नव्हती, होडीच्या इंजिनाकडे होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी भाताला आधण ठेवून बसले होते. अनुजा अंगणातून धावत आली, एक शब्द न बोलता शेगडीचं बटण बंद केलं, सिलिंडरचं बंद केलं, खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून बाहेर नेलं. नळी गळते आहे म्हणाली, घरभर वास भरला आहे. मी तिथेच बसले होते, मला काही झालं नव्हतं. हिला प्रत्येक गोष्टीचा देखावा करायची हौस. गॅसवाला आला आणि नळी बदलून गेला. जुनी होती म्हणाला. गॅसवाले असंच म्हणतात.

अनुजा मात्र नंतर बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

समीक्षाने आज मला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात सांगितलं की पाहुण्यांचे अभिप्राय येत आहेत. पाहुणे म्हणजे प्रवासी. करी खारट आहे असं काहींचं म्हणणं. म्हटलं, काहींचं म्हणणं असणारच. पुलावावर गुलाबजाम खाणाऱ्या जिभांना मीठ म्हणजे काय ते आयुष्यात पहिल्यांदा कळतंय.

सिद्धेश प्रत्येक भांड्यातून प्लास्टिकच्या चमच्याने चाखतो, चमचा फेकतो, दुसरा घेतो. आज माझ्या करीतला चमचा चाखून तो थांबला आणि म्हणाला, “काकी, मीठ जरा कमी केलं तर?” मी त्याच्यासमोर पुन्हा चाखली. मला तर सपक लागली. त्याच्यासमोरच आणखी चिमूटभर घातलं. कुणाच्या करीवर कुणाची पाटी आहे ते कळायला हवं.

पण मी खरं लिहायचं ठरवलं आहे, तर लिहिते. बांगड्याला बांगड्याची चव राहिलेली नाही. आधी वाटलं लाऊंजच्या शेगडीचा दोष, मग वाटलं गोठवलेल्या नारळाचा. पण परवा बंदरावरून स्वतः ताजा आणला, घरी केला, तरी तेच. समुद्रच बिघडला असेल. मोठमोठ्या बोटी येऊन सगळं खरवडून नेतात, तर माशाला खायला काय उरतं आणि चव कुठून येणार. सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, तीही तशीच, भुशासारखी. चहासुद्धा. आता चहाला कुणी खरवडलं ते कळत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पेन कागदात रुततं आहे. रागाने.

आज सुरमई गोव्याच्या शीतगृहातून यायची होती. इन्सुलीच्या अलीकडे गाडीचा टायर फुटला आणि गाडी उन्हात उभी राहिली. माल उशिरा आला, बर्फाचं पाणी झालेलं. मी पेटी उघडली. कल्ले जरा तपकिरी होते, पण बर्फात ठेवलेल्याचे तसे होतात. बोट दाबून बघितलं, मऊ लागलं, पण बर्फातून काढलेला मासा थोडा मऊ पडतोच. कल्ल्याला नाक लावून हुंगलं. वास नव्हता. म्हटलं, चालेल, कापा.

सिद्धेश म्हणाला, नाही. मी कापायला घेतलं तर त्याने माझ्या हातातली सुरी धरली. साखळी ताणली गेली. म्हणाला, “काकी, हा मासा मी बाहेर जाऊ देणार नाही.” आणि माझ्यादेखत पेटी उचलून कचऱ्याकडे निघाला. मी वाटेत उभी राहिले. सगळ्यांसमोर त्याला विचारलं, मासे चिरणाऱ्या घरात जन्म माझा की तुझा? त्याने पेटी सोडली नाही. मी समीक्षाला बोलावलं आणि सांगितलं की हा मुलगा उद्या इथे दिसता कामा नये, नाहीतर मी दिसणार नाही.

समीक्षा पेटीवर वाकली आणि झटकन तोंड फिरवलं. भांडी घासणारी बाई दारात होती, तिने पदर नाकाला लावला. मी पुन्हा वाकले. अगदी कल्ल्यात नाक घातलं. वास नव्हता. शपथेवर लिहिते, वास नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर मस्करी नव्हती. त्याचाच जास्त राग आला.

समीक्षा म्हणाली, काकी, आज तुम्ही घरी जा. कंपनीच्या गाडीत ड्रायव्हरने चारही काचा खाली केल्या. वातानुकूलित गाडी, चारही काचा खाली. घरी पोचले तर अनुजा दारात. दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, “आई, पयला न्हावन घेवा.”

सगळे मिळून ठरवून करताहेत असं लिहिणार होते. पण ड्रायव्हर आणि अनुजा एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. घरात मासा नाही. किरण होडीवर, अनुजा बाजारात.

मी फळीवरचे सगळे डबे खाली काढले. हिंगाच्या डब्यात नाक घातलं. काही नाही. भाजलेला मसाला, लवंगा, जिरं. काही नाही. तिरफळं चोळून हुंगली. काही नाही. सुक्या बोंबलांची बरणी उघडली, जी उघडली की शेजारची दार लावून घेते. काही नाही. न्हाणीघरातली फिनेलची बाटली आणली, उघडली, डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही.

पाटावर बसून राहिले. डबे सगळे उघडे.

अनुजा आली. दारात थांबली. पिशवी खाली ठेवली आणि माझ्या समोर जमिनीवर बसली. तिने हिंगाच्या डब्याला झाकण लावलं, मग दुसऱ्याला. मीच विचारलं.

“कदीपासना?”

“शिमग्यात ताप इललो ना तुमका. तवापासना.”

“तुका म्हायत होता?”

“हळूहळू कळला. पयला मीठ वाढला. मगे त्या दिवशी गॅस.”

“आणि सांगूक नाय?”

ती झाकणं लावत होती. “कसा सांगू? तुमी माका म्हणालात असतात, भातवाल्याच्या चेडवाक काय कळता.”

म्हणाले असते. भातवाल्याच्या मुलीला काय कळतं, असं नक्की म्हणाले असते. एवढे महिने माझ्या डाळीत तिने पाणी ओतलं, माझ्या करीत नारळाचा रस घातला, आणि गिऱ्हाइकांना पार्वतीकाकींच्या हातचं म्हणून वाढलं. किरणलाही माहीत होतं, म्हणाली. दोघं ठरवून गप्प होते.

मला राग यायला हवा होता. शोधला, पण सापडला नाही. भीती सापडली. काय उरलं मग माझ्याकडे?

१ डिसेंबर, सोमवार

कुडाळला नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. अनुजा बरोबर होती. तापानंतर काही जणांचा वास जातो म्हणाला, चवही बरीचशी वासाचीच असते. परत येईल की नाही ते सांगता येत नाही. रोज लवंग, लिंबू, कॉफी अशा गोष्टी सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि त्यांचे वास आठवायचे. आठवायचे म्हणे. याला शिक्षण लागतं? बाहेर आल्यावर अनुजा म्हणाली, मी लिंबू आणतंय.

सकाळपासून एकच विचार. परवाच्या त्या सुरमईची करी मी वाढली असती. पाटी माझी होती. माझा फोटो बघून कुणीतरी विश्वासाने खाल्ली असती आणि विमानात बसलं असतं, एखादं लहान मूल असतं, एखादं म्हातारं. त्या उंच टोपीवाल्याने सुरी धरली म्हणून ते टळलं. ते चिमट्याचं सोंग मला अजूनही आवडत नाही. पण सुरी त्याने धरली.

जाऊन सांगायला हवं. समीक्षाला फोन केला. ती म्हणाली, गुरुवारी मुंबईचे साहेब येणार आहेत, तेव्हाच या.

४ डिसेंबर, गुरुवार

साहेबांचं नाव गुरुप्रसाद. मूळ कणकवलीजवळच्या नांदगावचे, असं त्यांनी तीन वाक्यांत दोनदा सांगितलं. हातात पाण्याची बाटली, पायात पांढरे बूट. लाऊंजमधल्याच खुर्च्यांवर आम्ही बसलो. आजूबाजूला लोक पास्ता खात होते.

सिद्धेशला मी बोलवायला सांगितलं. त्याच्यासमोर आणि समीक्षासमोर सांगितलं की मासा खराब होता, मुलगा बरोबर होता, आणि मला शिमग्यापासून कशाचाच वास येत नाही, चवही धड कळत नाही. करी खारट आहे असं म्हणणारेही बरोबर होते. हे वाक्य तोंडातून काढायला जड गेलं. पास्तावाल्यांना बरोबर म्हणायचं म्हणजे काय ते ज्याने म्हटलं त्यालाच कळेल.

सिद्धेश खाली बघत म्हणाला, “काकी, मीपण तुमची पाठ वळली की करीत नारळाचं दूध घालत होतो.” माझ्या करीत या महिन्यात किती जणांनी काय काय ओतलं, देव जाणे.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, आता म्हणतील, कोपरा बंद. मी त्याची तयारी करून गेले होते. ते म्हणाले, “काकी, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. तुम्हाला वास येतो की नाही हा मुद्दाच नाही. जानेवारीपासून करी आमच्या मोठ्या किचनमधून पाकिटात येणार. गरम केली की झालं. तुम्ही महिन्यातून एखाद दिवस नऊवारी नेसून इथे उभ्या राहा. लोकांना गोष्ट हवी असते. आम्हाला तुमचा चेहरा हवाय.”

मी विचारलं, त्या करीत मासा कुठला? ते म्हणाले, कोस्टल. म्हटलं, कुठला? ते समीक्षाकडे बघून हसले.

माझ्या आयुष्यात मला अनेक माणसांचा तिटकारा आला. काट्यांना घाबरणाऱ्यांचा, ताटाकडे न बघता खाणाऱ्यांचा, चिमटेवाल्यांचा. त्या सगळ्यांना आज मी मनातल्या मनात माफ केलं. त्यांना निदान चुकीचं का होईना काहीतरी खायचं होतं. या माणसाला कुणाच्या तोंडात काय जातं याच्याशी देणंघेणंच नाही. त्याला नाक आहे, जीभ आहे, आणि त्याने त्या खुंटीला टांगून ठेवल्या आहेत. माझ्या गेल्या म्हणून मी आठवडाभर नीट झोपले नाही.

मी उठले. ऑफिसची मराठी मलाही येते, पण आली नाही. “लोकांका माझो चेहरो खावक घालतलास?” एवढंच विचारलं.

त्यांना तो विनोद वाटला. नांदगावचा माणूस, आणि हसला.

पाटीपाशी गेले तर ती भिंतीला चिकटवलेली. नख घालून कोपरा सोडवायला लागले. सुटेना. मागे समीक्षा येऊन उभी राहिली. मला वाटलं थांबवेल. तिने कोटाच्या बाह्या वर केल्या आणि पहिल्यांदाच माझ्याशी आमच्या भाषेत बोलली. “काकी, बाजूक होवा. ह्या माजा काम. माका बोलले तर बोलांदेत.” आणि माझ्या नऊवारीतल्या फोटोसकट ती पाटी तिने वरपासून खालपर्यंत ओढून काढली. लाऊंजमधल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. मग घोषणा झाली आणि ते विमानाकडे धावले.

९ डिसेंबर, मंगळवार

समीक्षाचा फोन आला. साहेबांनी तिला लेखी समज दिली आहे. भिंतीवरच्या मोकळ्या जागी आता नूडल्सचा कोपरा होणार. तिथे कुणाचा फोटो लावणार विचारलं, तर म्हणाली, अजून ठरलं नाही. आवाज बरा वाटला. नोकरी राहील म्हणाली. माझ्यामुळे गेली असती तर मला जन्मभर टोचलं असतं, हे तिला सांगितलं नाही. तिला आणि सिद्धेशला रविवारी जेवायला बोलावलं.

लिंबू हुंगते रोज. अनुजा समोर उभी राहते, शाळेतल्या बाईसारखी. लिंबाला वास नाही. बाई मात्र हटत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

खानावळ आज भरून वाहिली. बाकांवर जागा नाही म्हणून लोक अंगणात ताटं घेऊन बसले. मी चुलीपाशी गेले नाही. दाराजवळ स्टुलावर बसून तिथून बघितलं. अनुजाच्या कपाळावर घाम, केस सुटलेले, दोन शेगड्या पेटलेल्या. बांगड्याच्या करीचं वाटण तिने एकटीने केलं. खोबरं भाजताना कुणीतरी बाहेरून हाक मारली आणि ती वळली. परत कढईकडे आली तेव्हा खोबऱ्याचा रंग एक छटा पुढे गेलेला मी पाहिला. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पर्यटक करी चाटूनपुसून खात होते. एक बाई आत येऊन म्हणाली, आयुष्यात अशी चव नाही चाखली. ज्यांची नाकं शाबूत आहेत त्यांची ही गत. सिद्धेशने दोनदा भात घेतला आणि समीक्षाने बोटं चाटली. तेही गोड बोलले, पाहुणे म्हणून असेल. मी हो हो म्हटलं.

सगळे गेल्यावर अनुजा माझं आणि तिचं ताट घेऊन बसली. मी करीचा घास घेतला. जिभेला ऊब कळली, जरा आंबट, जरा तिखट, बाकी काही नाही. मी तिला विचारलं, “कशी झाली?”

छान झाली म्हणणं तिला सोपं होतं. मला चव कळणार नव्हती, एवढ्या लोकांनी स्तुती केलेली होती, आणि ती दमलेली होती. तिने घास चावला, गिळला आणि थोडा वेळ वाटीकडे बघितलं.

“खोबरा करपला, आई. मागसून कडू लागता.”

मी ताट पुढे केलं आणि तिला म्हटलं, आणखी वाढ.